जंजिऱ्याची होडी आणि खानदेशची वाट

दिवाळी सरली आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली की जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून कोकणात जाणाऱ्या सहली सुरू होतात. शाळांच्या सहलीही साधारण याच सुमारास, डिसेंबर-जानेवारीत निघतात. या सहलींत मुरूडचा जंजिरा पाहण्यासाठी बहुधा एक पूर्ण दिवस राखलेला असतो. रात्रीच्या गाडीने मुंबई, तेथून गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने किंवा भाऊच्या धक्क्यावरून 2020 साली सुरू झालेल्या रो-रो बोटीने मांडवा, पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद करत राजपुरीचा धक्का, आणि शेवटी शिडाची होडी, असा हा प्रवास आहे. तापीच्या पात्रातली नाव पाहिलेल्या माणसाला खाऱ्या पाण्यावरची ही होडी नवलाची वाटते, आणि समोरचा किल्ला आपल्या मुलखापासून फार लांबचा, परक्या इतिहासाचा वाटतो. यातली दुसरी समजूत खरी नाही. जंजिऱ्याचा लष्करी इतिहास ज्या पैशावर आणि ज्या फौजांच्या आधाराने चालला, त्यांचा माग काढत गेले तर वाट सुरतेला जाते आणि सुरतेहून तापीच्या काठाने थेट खानदेशात येते.

आधी नावाविषयी. अरबी भाषेत बेटाला ‘जझीरा’ म्हणतात आणि त्याचेच मराठीत जंजिरा झाले. म्हणजे हे मुळात विशेषनाम नाही. मराठी कागदपत्रांत ‘जंजिरे सुवर्णदुर्ग’, ‘जंजिरे विजयदुर्ग’ असे उल्लेख सर्रास आढळतात. तरीही नुसते ‘जंजिरा’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सिद्दीचा एकच किल्ला उभा राहतो. त्याचे कागदोपत्री नाव जझिरे मेहरूब असे होते.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या या खडकाळ बेटावर पंधराव्या शतकात कोळ्यांची वस्ती होती. चाचेगिरीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी लाकडी ओंडक्यांची तटबंदी उभारली होती. तिला मेढेकोट म्हणत. त्यांचा नायक राम पाटील निजामशाहीच्या ठाणेदाराला जुमानत नसे. म्हणून अहमदनगरच्या सेवेतील पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात आला आणि पिंपांतून की पेट्यांतून माणसे आत घालून त्याने बेट घेतले, अशी कथा सांगितली जाते. होडीतून नेणारे वाटाडे ती रंगवून सांगतात. तिचे तपशील प्रत्येक सांगणाऱ्यागणिक बदलतात, त्यामुळे त्यांवर फार भार देण्याचे कारण नाही. आज दिसणारा दगडी कोट मात्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्याच अमलात बुऱ्हाणखानाने बांधला. सुमारे 40 फूट उंचीचा तट, 19 बुरूज आणि आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव अशी त्याची रचना आहे. चोहोबाजूंनी समुद्र असलेल्या किल्ल्यात तोफांच्या बरोबरीने, किंबहुना थोडे अधिकच, महत्त्व या तलावांना आहे. कलालबांगडी तोफेपाशी छायाचित्रांसाठी गर्दी होते आणि तलावाच्या काठी फारसे कोणी थांबत नाही, हे खटकते.

सिद्दी म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व भागातून, मुख्यतः हबसाणातून (आजच्या इथिओपियाच्या परिसरातून), गुलाम म्हणून किंवा शिपाईगिरीसाठी दख्खनमध्ये आलेले लोक. त्यांतील कर्तबगार माणसे दख्खनच्या शाह्यांत मोठ्या पदांवर चढली. अहमदनगरचा वजीर मलिक अंबर हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. खानदेशालाही हबशी सरदार अपरिचित नव्हते. फारुकी घराण्याची सत्ता अकबराने जानेवारी 1601 मध्ये असीरगड घेऊन संपवली, तेव्हा त्या गडाची किल्लेदारी एका हबशी सरदाराकडेच होती. डोंगरावरचा असीरगड आणि पाण्यातला जंजिरा अशा दोन टोकांच्या दुर्गांवर एकाच समाजातील माणसे पहारा देत होती, ही गोष्ट खानदेशी वाचकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

निजामशाही 1636 मध्ये बुडाली आणि कोकणचा हा भाग विजापूरकरांकडे गेला. जंजिऱ्याचे सिद्दी आदिलशाहीचे चाकर झाले. शिवाजी महाराजांनी 1657 च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेऊन समुद्रकाठी पाय रोवला, तेव्हापासून सिद्दीशी त्यांचा झगडा अटळ होता, कारण किनाऱ्यावरील गावांची लूट आणि माणसे पळवून नेणे हे सिद्दीच्या आरमाराचे नेहमीचे काम होते. दंडा-राजपुरीचा मुलूख हाती आला तरी बेट येईना. किनाऱ्यावरची ठाणी घेऊन आणि रसद तोडून शत्रूला नमवण्याची रीत इथे अपुरी पडत होती. समुद्रावर तोडीस तोड बळ हवे होते आणि त्यासाठी पैसा हवा होता.

सुरतेचा संबंध येथे येतो. मोगल साम्राज्याचे हे सर्वांत श्रीमंत बंदर तापीच्या मुखापाशी वसले आहे. त्याची श्रीमंती केवळ समुद्रातून येत नव्हती. ती जमिनीवरूनही येत होती, आणि तिचा मोठा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूरला आणि पुढे आग्र्याला जात होता. तापी खानदेशात मोठी गलबते चालवण्याजोगी नाही, म्हणून माल बैलांच्या तांड्यांवर जाई. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो 1615 च्या अखेरीस सुरतेहून निघून सुमारे पंधरा दिवसांत याच बाजूने बुऱ्हाणपूरला पोहोचला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये या वाटेने गेला तेव्हा नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असे त्याने लिहून ठेवले. नवापूरकरांनी ही पावती जपून ठेवायला हरकत नाही. धरणगावच्या कापडासाठी इंग्रजांनी 1670 च्या दशकात तेथे वखार घातली होती. तापी खोऱ्यातून जाणारा सुरत-भुसावळ लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला, तोही बव्हंशी याच जुन्या वाटेला धरून. थोडक्यात, सुरतेच्या जकातीत खानदेशचा कापूस, कापड आणि खानदेशातून जाणारा माल यांचा वाटा मोठा होता.

शिवाजी महाराजांनी जानेवारी 1664 मध्ये सुरत लुटली आणि त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाला आरंभ झाला. सुरतेचे धन या कामी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि तारखांचा क्रम पाहता ते सयुक्तिक वाटते. जंजिरा मिळत नाही तर आपला जंजिरा आपण बांधावा, असा हा विचार होता. पुढे खुद्द सिद्दीच्या समोर, मुरूडजवळच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला गेला. महाराजांच्या पत्रातील ‘राजपुरीच्या उरावरी दुसरी राजपुरी’ हे शब्द त्याच किल्ल्याविषयीचे आहेत. राजपुरीहून होडीत बसल्यावर वायव्येला समुद्रात एक लहानसा कोट दिसतो, तो हाच. बहुतेक प्रवासी त्याचे नाव विचारून विसरतात, परंतु जंजिऱ्याचा इतिहास त्याच्याशिवाय अर्धाच राहतो.

सुरत दुसऱ्यांदा ऑक्टोबर 1670 मध्ये लुटली गेली. परतीची वाट बागलाणातून होती आणि वणी-दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखान कुरेशीशी लढाई झाली. त्यानंतर दोनच महिन्यांत मराठी फौजा खानदेशात शिरल्या. प्रतापराव गुजरांनी गावोगावच्या वतनदारांकडून चौथाई देण्याचे लेखी करार घेतले ते याच स्वारीत, आणि खास मोगली अमलातील मुलखावर चौथाई बसवण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. लगोलग 1671 च्या आरंभी साल्हेर घेतला गेला. साल्हेर ज्या बागलाणात आहे तो भाग 1869 मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत खानदेश जिल्ह्यातच मोडत होता.

आता याच महिन्यांत जंजिऱ्यावर काय चालले होते ते पाहावे. किल्ल्याचा मुख्य सिद्दी फत्तेखान मराठ्यांच्या वेढ्याने जेरीस आला होता आणि शिवाजी महाराजांशी तह करून बेट देण्याच्या विचारात होता. हे कळताच संबूल, कासीम आणि खैर्यत या तीन सिद्दींनी त्याला कैद केले आणि औरंगजेबाकडे आश्रय मागितला. बादशहाने त्यांना मोगल आरमारात सामावून घेतले, याकूतखान हा किताब दिला आणि आरमाराच्या खर्चासाठी सुरतेच्या महसुलातून नेमणूक करून दिली. सुरतेहून मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण देणे हेही त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी होळीच्या रात्री सिद्दी कासीमने दंडा-राजपुरी परत घेतली.

म्हणजे एकाच बंदराचे धन दोन्ही बाजूंना पोहोचत होते. मराठ्यांनी ते लूट म्हणून नेले आणि त्यातून जलदुर्ग व आरमार उभे केले. सिद्दीला ते नेमणूक म्हणून मिळाले आणि त्यातून जंजिरा टिकला. ते बंदर भरत होते, त्यात नंदुरबार, धरणगाव, बुऱ्हाणपूरच्या बाजारांतून गेलेला माल होता. जंजिरा कोणालाच का जिंकता आला नाही, या प्रश्नाला वाटाडे तटाची उंची, तोफांची संख्या आणि शिसे ओतून केलेली बांधणी अशी उत्तरे देतात. त्यांत तथ्य आहे, पण ती पुरेशी नाहीत. तट कितीही उंच असला तरी आतल्या शिबंदीला पगार लागतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा संभाजी महाराजांच्या मोहिमेत दिसतो. आधी पन्हाळा अवघ्या साठ माणसांनिशी घेणाऱ्या कोंडाजी फर्जंदांना फितूर झाल्याचे सोंग करून किल्ल्यात पाठवण्यात आले. दारूकोठार उडवून देण्याचा बेत होता, पण तो उघडकीस आला आणि कोंडाजी मारले गेले. मग 1681 च्या अखेरीस महाराज स्वतः मोहिमेवर आले. किनाऱ्यापासून बेटापर्यंत खाडी भरून काढून रस्ता करायचे त्यांनी ठरवले. सुमारे 800 यार्ड लांब आणि 30 यार्ड रुंद असा हा बांध असल्याचे जुन्या इंग्रजी इतिहासात नमूद आहे. लाकूड, दगड, कापसाचे गठ्ठे टाकून भर घालण्याचे काम चालू होते. आज होडी ज्या पाण्यावरून जाते, तेथेच हा प्रयत्न झाला होता. भरतीच्या वेळी ते पाणी पाहिले म्हणजे या कामाचे धाडस कळते.

त्याच सुमारास, 13 नोव्हेंबर 1681 रोजी, औरंगजेब बुऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला होता. त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस मराठ्यांनी बुऱ्हाणपूरची पेठ, बहादूरपुरा, लुटली होती, आणि औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता. बादशहाचा मुक्काम हिवाळाभर खानदेश सुभ्याच्या या राजधानीत होता. तो तेथे असतानाच हसनअलीखान फौज घेऊन घाट उतरून कल्याणवर आला आणि जानेवारी 1682 मध्ये संभाजी महाराजांना जंजिऱ्याचे काम दादाजी रघुनाथांवर सोपवून त्याच्याकडे वळावे लागले. पुढे होड्यांतून केलेला हल्ला मोठ्या हानीनिशी फसला. जंजिऱ्याचा वेढा ढिला पडला तो समुद्रावर नव्हे, तर घाटमाथ्यावरून उतरलेल्या फौजेमुळे. आणि त्या फौजांचा धनी त्या वेळी तापीच्या काठी तळ देऊन होता.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पेशवाईत 1733 पासून पुन्हा मोठी मोहीम झाली. 1736 मध्ये चिमाजी अप्पांबरोबरच्या लढाईत सिद्दी सात मारला गेला आणि सिद्दीचा जमिनीवरचा मुलूख बराच आकसला, परंतु बेट राहिले. खानदेश 1818 मध्ये इंग्रजांच्या थेट अमलाखाली गेला. जंजिरा मात्र त्यांच्या छत्राखाली संस्थान म्हणून नांदत राहिला आणि 1948 मध्ये भारतात विलीन झाला. युनेस्कोने 2025 साली ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत साल्हेर आहे, सिंधुदुर्ग आहे, खांदेरी आहे, जंजिरा नाही. त्याबद्दल काही जण हळहळतात, पण जो किल्ला मराठ्यांनी कधी घेतलाच नाही तो त्या नावाच्या यादीत बसत नाही.

होडी किल्ल्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत महादरवाजा दिसत नाही. तो राजपुरीच्या दिशेला असूनही बुरुजांच्या आड असा बसवला आहे की परक्या गलबताला नेमके कोठे वळावे ते समजू नये. दरवाजाच्या बाजूला पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेल्या वाघासारख्या पशूचे शिल्प आहे. होडीवाले साधारण पाऊण तास देतात, आणि तेवढ्यात बालेकिल्ला, तलाव, सुरूलखानाचा वाडा आणि पश्चिमेचा दर्या दरवाजा एवढेच धावतपळत पाहून होते. लाटा असतील तर होडीतून पायरीवर पाऊल ठेवताना खलाशाचा हात धरावा लागतो. वयस्कर माणसांनी भरतीची वेळ आधीच विचारून घ्यावी.

जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत या होड्या बंद असतात. सतराव्या शतकात सिद्दीचे आरमारही याच महिन्यांत खुला समुद्र सोडून मुंबईच्या बंदरात आसऱ्याला जाई. तेथे त्याच्या खलाशांनी केलेल्या दांडगाईच्या तक्रारी मुंबईकर इंग्रज वरचेवर वरिष्ठांकडे पाठवत. आणि ते वरिष्ठ, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष, त्या काळी बसत सुरतेला.