प्रादेशिक विमानसेवेची व्यवहार्यता

महानगरांपासून दूर असलेल्या लहान विमानतळावर नियमित प्रवासी सेवा टिकते की बंद पडते, हा नागरी विमान वाहतुकीतला जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर शहराच्या लोकसंख्येत शोधले जाते. प्रत्यक्षात निकाल ठरतो तो विमानाचा आकार, वेळापत्रक आणि शेजारचा मोठा विमानतळ किती जवळ आहे, यावर.

रोज एक परतीची फेरी आणि ७० टक्के भारमान (म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण) धरले, तर ७० आसनांच्या विमानाला वर्षाला सुमारे ३६ हजार प्रवासी लागतात. १८० आसनांच्या जेटला ९२ हजार. त्यामुळे जवळच्या अंतरावर एटीआर ७२ सारखी टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांच्या इंजिनाची विमाने वापरतात. त्यांना इंधन कमी लागते आणि धावपट्टीही आखूड चालते. मात्र दर आसनामागचा खर्च चढाच राहतो. वैमानिक दोघेच लागतात, आसने ७० असोत वा १८०. चाके, ब्रेक यांची झीज किलोमीटरवर नव्हे, उतरण्यांवर ठरते. शिवाय गजबजलेल्या मोठ्या विमानतळावर उतरण्याची वेळ, म्हणजे स्लॉट, लहान विमानही तेवढाच अडवते. मग कंपनी तो स्लॉट मोठ्या विमानाला देते.

खरे दुखणे प्रवासी गळतीचे. दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर मोठा विमानतळ असेल, तर गावचा प्रवासी स्वस्त तिकिटासाठी आणि दिवसभरातल्या अनेक उड्डाणांसाठी तिकडे गाडीने जातो. इकडचे भारमान घसरते, कंपनी फेऱ्या कमी करते, उरलेलेही तिकडे वळतात. यात वेळापत्रकाचा दोष मोठा, पण तो सहसा दुर्लक्षित राहतो. विमान मुख्य तळावरून सकाळच्या फायदेशीर फेऱ्या उरकून दुपारी एकला लहान गावी येते. सकाळी दहाच्या बैठकीला जाणाऱ्याला ते निरुपयोगी. सकाळी जाऊन रात्री परत यायची सोय द्यायची, तर विमान आणि कर्मचारी रात्री तिथेच मुक्कामाला ठेवावे लागतात, आणि तो खर्च कंपनीला नको असतो. त्यातच उपकरणांच्या आधारे उतरण्याची सोय नसेल, तर धुक्यात उड्डाण रद्द होते. दोनदा फसलेला व्यावसायिक प्रवासी तिसऱ्यांदा तिकीट काढत नाही.

एकाच कंपनीवर विसंबणे हा आणखी एक धोका. मार्च २०२० मध्ये ब्रिटनची फ्लायबी ही विमान कंपनी बंद पडली, तेव्हा साउथॅम्प्टन विमानतळावरची बहुतांश उड्डाणे एका रात्रीत गेली.

यश मिळालेल्या पद्धती एकसारख्या नाहीत. अमेरिकेतील अलीजिअंट कंपनी लहान शहरांतून पर्यटनस्थळांकडे आठवड्यातून मोजक्याच दिवशी मोठी जेट विमाने नेते. सुट्टीवर निघालेल्याला रोजच्या फेरीची गरज नसते. नॉर्वेत विडेरो कंपनी साधारण ८०० मीटरच्या धावपट्ट्यांवर डॅश ८ ही टर्बोप्रॉप विमाने उतरवते. तिथे फिओर्ड, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या अरुंद खाड्या, आणि डोंगरांमुळे रस्त्याचा प्रवास लांबतो, म्हणून गळती कमी. तरीही अनेक मार्ग सरकारी कंत्राटावर चालतात.

अमेरिकेतल्या आजच्या सरकारी आधाराचे मूळ १९७८ च्या विमानसेवा नियंत्रणमुक्ती कायद्यात आहे. कंपन्यांना मार्ग निवडायची मोकळीक मिळाल्यावर लहान गावे वाऱ्यावर पडू नयेत, म्हणून त्याच वेळी अनुदानित सेवेची तरतूद झाली. युरोपीय संघात 'सार्वजनिक सेवा बंधन' याच हेतूने आहे. लहान शहरे विमानसेवेने जोडणाऱ्या भारताच्या उडान योजनेत निम्म्या आसनांचे भाडे मर्यादित ठेवून त्याबदल्यात कंपनीला तीन वर्षे तफावत निधी, म्हणजे तूट भरून काढणारे अनुदान, दिला जातो. पहिले उड्डाण एप्रिल २०१७ मध्ये शिमला ते दिल्ली झाले. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, योजनेच्या पहिल्या तीन निविदा-टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते ५४. निधीने तिकीट स्वस्त होते. धुके, गैरसोयीची वेळ आणि शेजारचा महामार्ग मात्र तसाच राहतो.