पहिला पीस ओके, पण फर्स्ट आर्टिकल झालंय का?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपमध्ये पहिला पीस ओके झाला की लॉट, म्हणजे त्या पार्टची पुढची सगळी खेप, सुटतो. २८ ऑक्टोबर २०२४ ला वडोदऱ्यात सी-२९५ विमानाच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. करारातल्या ५६ पैकी ४० विमानं इथे तयार व्हायची आहेत. साहजिकच दांडिया बाजार-रावपुऱ्यातली आपली मुलं कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंगच्या कॉलेजातून, बाहेर पडताना एरोस्पेस मशीनिंगबद्दल विचारतात. त्यांना मी सगळ्यात आधी पहिला पीस आणि फर्स्ट आर्टिकल यांतला फरक सांगतो, कारण ऑटोच्या कामात हात बसलेले चांगले सेटरसुद्धा (मशीन लावून देणारे) या दोन तपासण्या एकच समजतात.

पहिल्या पीसची तपासणी सेटिंगची असते. वर्क ऑफसेट (जॉबचा शून्य बिंदू) बरोबर घेतला का, टूलची लांबी नीट भरली का, जॉब सरळ बसला का. सेटर मोजतो, इन्स्पेक्टर सही करतो. शिफ्ट बदलली किंवा इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलला की पुन्हा तेच. हे सगळ्यांना येतं.

फर्स्ट आर्टिकल एएस ९१०२ या एरोस्पेसच्या मानकाप्रमाणे होतं आणि त्यात मशीनपुरतं बघून भागत नाही. हा माल, हे रूट कार्ड (कामाच्या टप्प्यांचा कागद), हे फिक्स्चर (जॉब पकडायचं साधन), हा प्रोग्राम वापरून ड्रॉइंगची प्रत्येक अट पूर्ण होते, हे कागदावर दाखवावं लागतं. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला आणि नोटला बलून नंबर, म्हणजे गोलातला क्रमांक, पडतो. फॉर्म तीन असतात. पहिल्यात पार्टची ओळख, दुसऱ्यात कच्चा माल, स्पेशल प्रोसेस (एनॉडायझिंगसारख्या) आणि टेस्ट, तिसऱ्यात एकेक बलून आणि त्यासमोर प्रत्यक्ष मोजलेला आकडा. जिथे आकडा मिळू शकतो तिथे नुसतं 'ओके' चालत नाही. आणि सगळी मापं बरोबर असूनही एनॉडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर) करणारा ग्राहकाच्या मान्य यादीत नसेल, तर पार्ट दुसऱ्या फॉर्मवरच अडतो.

मशीनवर ओके आलेला पीस फर्स्ट आर्टिकलमध्ये का पडतो, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. ७०७५ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या जाड प्लेटमधून बराचसा माल काढून पातळ भिंतींचा पार्ट केला, की प्लेटमधला अंतर्गत ताण मोकळा होतो. क्लॅम्पमध्ये सपाट दिसणारा जॉब क्लॅम्प सोडल्यावर वाकतो. त्यात वडोदऱ्याचा मे महिना. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं. शॉपमध्ये ४० अंश आणि मापाचं प्रमाण तापमान २० अंश, म्हणजे ५०० मिलिमीटरचा पार्ट ०.२३ मिलिमीटरने लांब. स्टीलचा व्हर्नियरही त्याच उन्हाळ्यात वाढलेला असतो, म्हणून जवळजवळ निम्मा फरक झाकला जातो. तरी ०.१ मिलिमीटरच्या वर चूक उरते, आणि कित्येक बोअरच्या (भोकांच्या) अंतरांना तेवढी सूट नसते. म्हणून पार्ट मोकळा करून, सीएमएमच्या (मापं घेणाऱ्या मशीनच्या) खोलीत तापमानाला स्थिरावू देऊनच मोजायचा. घाईच्या दिवशी नेमकं हेच सुटतं, आणि मला ते फार खटकतं.

आणखी एक घोळ नावामुळे होतो. फर्स्ट आर्टिकल म्हणजे घडवलेला पहिलाच पार्ट असं नव्हे. प्रोटोटाइप म्हणून हाताने जुळवून, वेगळ्या पद्धतीने केलेला पार्ट इथे चालतच नाही. नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या पहिल्या उत्पादनातलाच पार्ट लागतो.

ते एकदा केलं की कायमचं सुटलो, असंही नाही. ऑटोच्या कामात सायकल टाइम वाचवायला टूलपाथ (टूल फिरण्याचा मार्ग) बदलणं ही हुशारी मानली जाते. इथे पार्टच्या आकारावर, बसण्यावर किंवा कामावर परिणाम होऊ शकेल असा बदल प्रोग्राममध्ये केला, तर त्या बदलापुरतं फर्स्ट आर्टिकल पुन्हा करावं लागतं. टूलिंग, कच्चा माल, मोजण्याची पद्धत बदलली तरी तोच नियम. उत्पादन दोन वर्षं बंद राहिलं तरी तो लागतो. तीच मशीन, तोच ऑपरेटर, तोच प्रोग्राम मकरपुऱ्यातून सावली गावातल्या शेडमध्ये हलवला तरी पहिला पीस ओके करून लॉट सोडता येत नाही. जागा बदलली, म्हणून बलून केलेलं ड्रॉइंग पुन्हा बाहेर काढायचं.