ताक फुंकून पिणारा मेंदू

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा सावधपणा मुख्यतः मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या पेशीपुंजात शिकला जातो. वर्गात एकदा उत्तर चुकलं, मुलं हसली, की पुढे नुसता फळा दिसला तरी छाती धडधडते. मग नववीतली मुलगी ‘पोटात दुखतंय’ म्हणून घरी राहते. तिचं पोट खरोखर दुखत असतं, हे आईवडिलांनी आधी मान्य करावं.

घरी राहिलं की लगेच हायसं वाटतं, आणि तिथेच घात होतो. मेंदूला ती सुटका गोड लागते, टाळण्याची सवय पक्की होते. ‘एक्स्पोजर’ म्हणजे भीतीला पायरीपायरीनं सामोरं जाण्याच्या उपचारात समुपदेशक मुलीबरोबर बसून भीतीची शिडी आखतात. आधी एका मैत्रिणीसमोर मोठ्यानं वाचायचं, मग चौघींसमोर, मग बाईंना वर्गात एक शंका विचारायची.

यानं जुनी भीती पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांना ठरावीक आवाजानंतर खाणं मिळायचं, म्हणून नुसत्या आवाजानंही लाळ सुटायची. खाणं न देता आवाज ऐकवत राहिलं की ती थांबायची, पण थोड्या विश्रांतीनंतर परत सुटायची. उपचारात ‘इथे काही वाईट होत नाही’ अशी दुसरी आठवण तयार होते आणि तिच्या बळावर कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स अमिग्डालाला आवरतो. नेमका हाच भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. २०१२ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मुलं, किशोरवयीन आणि प्रौढ यांची तुलना केली, तेव्हा भीती विझण्याची क्रिया किशोरवयीनांत सर्वांत क्षीण दिसली. त्याच वयाच्या उंदरांतही तेच आढळलं.

तरी चिंताविकारांवर हा उपचार या वयातही गुण देतो. फक्त घाई नको. दवाखान्यात शिकलेलं धैर्य दवाखान्यातच राहू शकतं, म्हणून सराव वर्गात, दुकानात, लग्नघरातही हवा. प्रत्येक पायरीआधी ‘काय होईल असं वाटतंय?’ हे लिहून ठेवायचं आणि नंतर काय झालं ते ताडून पाहायचं. अंदाज जितका चुकतो तितकी नवी आठवण ठसते. ती मुरते झोपेत. या वयात झोपेची वेळच मुळात उशिरा सरकते, त्यात दहावीचं वर्ष म्हणून पहाटे चारला उठवणं मला फार क्रूर वाटतं.

आणि मुलीला बळंच स्टेजवर ढकलणं म्हणजे एक्स्पोजर नव्हे. पायरी तिनं निवडायची असते. जवळ समुपदेशक नसेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.