लेझर सरावात उतरायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि फाईल अडते त्या जागा

अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रांच्या सुरक्षेची परीक्षा खोटा हल्ला करून घेतात. रायफलीच्या नळीवर लेझर ट्रान्समीटर असतो. कोरं (गोळी नसलेलं) काडतूस उडालं की किरण सुटतो आणि समोरच्याच्या अंगावरच्या सेन्सरवर पडला की बझर वाजतो. या यंत्रणेला माइल्स म्हणतात. 2005 च्या ऊर्जा कायद्यानुसार अणुऊर्जा नियामक आयोग ही परीक्षा दर तीन वर्षांतून किमान एकदा घेतो. शिवाय प्रत्येक सशस्त्र रक्षकाला दर तिमाहीत हल्ला परतवण्याची एक कवायत आणि वर्षातून एक असा सराव करावाच लागतो.

लेझरसाठी वेगळा अर्ज नसतो, आणि इथेच बरेच जण फसतात. किरण निरुपद्रवी आहे म्हणून पात्रता सैल होत नाही. केंद्राच्या बाजूने उतरणाऱ्याला सशस्त्र रक्षकाचेच सगळे निकष लागतात. अर्ज आयोगाकडे नव्हे, केंद्र चालवणाऱ्या कंपनीकडे किंवा तिच्या सुरक्षा कंत्राटदाराकडे करायचा.

वय 21 पूर्ण, हायस्कूल डिप्लोमा किंवा समकक्ष परीक्षा, कायद्याने शस्त्र बाळगायला बंदी नसणं, बोटांचे ठसे, मानसिक मूल्यांकन, अमली पदार्थ आणि मद्याची चाचणी. यात फारसं कुणी अडत नाही.

अडतं ते मागच्या तीन वर्षांच्या हिशेबात. नोकरी, शिक्षण, लष्करी सेवा आणि बेकारीचा काळसुद्धा पडताळला जातो. ‘घरी होतो’ एवढं लिहून चालत नाही. ते सांगू शकेल अशा माणसाचं नाव आणि संपर्क द्या. जुनी कंपनी बंद पडली असेल किंवा तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर देत नसेल, तर नियमाप्रमाणे दुसऱ्या स्रोताकडून खात्री करता येते. पण तो स्रोत शोधायला कार्यालय फारसं झटत नाही. पगाराच्या पावत्या आणि करविवरणं आधीच जोडा. माजी सैनिकांनी डीडी-214 ची (अमेरिकी लष्करातून सेवामुक्त झाल्याच्या दाखल्याची) प्रत जवळ ठेवावी.

दुसरी अडचण तारखेची. वैद्यकीय प्रमाणपत्र शारीरिक क्षमता चाचणीच्या आधीच्या 30 दिवसांतलं लागतं. लोक हे 30 दिवस अर्जापासून मोजतात, तोवर चाचणी पुढे ढकलली जाते आणि कागद शिळा होतो. चाचणीची तारीख हातात आल्याशिवाय डॉक्टरांकडे जाऊच नका.

दृष्टी चष्म्यासह चांगल्या डोळ्याची 20/30, दुसऱ्याची 20/40 हवी. चष्मा सेफ्टी काचेचाच हवा. साधा चष्मा घालून आलेला माणूस दृष्टी ठीक असूनही परत जातो. लाल, हिरवा, पिवळा ओळखता आला पाहिजे. श्रवणयंत्र चालतं, पण ते लावून चाचणी झाल्याची नोंद फाईलमध्ये हवी.

आणि हे एकदाच करून सुटत नाही. शारीरिक क्षमता आणि नेमबाजीची पात्रता दरवर्षी नव्याने सिद्ध करावी लागते.