बीट खाऊन सिकलसेल जातो काय?

मे महिन्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरला: 'बीट, गूळ आणि तरोट्याची भाजी 21 दिवस खा, सिकलसेल मुळातून जाईल, गोळ्या फेकून द्या.' तरोटा उगवतो पावसाळ्यात. मे महिन्यात तो आणायचा कुठून, हे काही लिहिलं नव्हतं. सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. गडचिरोली-चंद्रपूरकडे तो घराघरांत ठाऊक, म्हणून असे निरोप धावतातही भराभर.

रक्त कमी म्हणजे लोह कमी, हा आपला ठरलेला हिशोब. इथे तो चुकतो. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेलची 10 ते 20 दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशीतलं लोह बहुतेक शरीरातच राहतं. वारंवार रक्त चढवलेल्यांत तर ते साठून त्रास देतं.

खरी गडबड हिमोग्लोबिनच्या, म्हणजे लाल पेशीत ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या, बीटा साखळीत आहे. (बीटाशी संबंध एवढाच.) या साखळीत 146 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, ओवलेले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं, व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते आणि व्हॅलिन नेमकं तिच्यात शिरतं. रेणूला रेणू अडकत दोर वळले जातात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडांत ठणका सुरू होतो.

पण दोर वळायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पेशी फुप्फुसात पोचून तिला पुन्हा ऑक्सिजन मिळाला तर सुटली. मला वेड लावते ती पुढची गोष्ट: हा वेळ हिमोग्लोबिनच्या दाटीच्या सुमारे 30 व्या घाताने घटतो. दाटी फक्त 5 टक्क्यांनी वाढू द्या; 1.05 चा 30 वा घात होतो 4.3, म्हणजे वेळ पावाहूनही कमी. तेंदूपत्ता तोडताना उन्हात अंगातलं पाणी आटलं की पेशीतलंही आटतं. बीटापेक्षा पाण्याची बाटली मोलाची ती यामुळे.

हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेगळी युक्ती करते. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन निराळं असतं आणि ते या दोरांत गुंफलं जात नाही. गोळी तेच पुन्हा वाढवते. मात्र ती घेताना अधूनमधून रक्त तपासावं लागतं.

भाज्यांशी माझं भांडण नाही. सतत नव्या पेशी घडवायला फोलिक आम्ल लागतं, ते पालेभाज्यांत असतं; डॉक्टर त्याची गोळीही देतात. पण सहाव्या जागेचं व्हॅलिन भाजी बदलत नाही, ते जनुकात लिहिलेलं आहे.

21 दिवसांचा आकडा मात्र हुशारीचा. ठणक्याचा झटका बहुतेकदा आठवड्याभरात ओसरतोच; उरलेले दोन आठवडे बीटाच्या नावावर जमा होतात.