दोन टक्क्यांच्या आधीची गोष्ट

मागे एका जिल्हा परिषद शाळेत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक टेम्पो आला. त्यातून विज्ञान साहित्याचा खोका उतरला. बाहेर कंपनीचा लोगो, आत भिंगं, चुंबक, परीक्षानळ्या, लिटमसचा कागद आणि गुळगुळीत कागदावरची इंग्रजी पुस्तिका. मास्तरांनी आधी खोक्याचा मुलांसकट फोटो काढून पाठवला, खोका त्यानंतर उघडला. शाळा मराठी माध्यमाची.

हा खोका येतो तो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे. वर्षाला ५ कोटींच्या वर निव्वळ नफा, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५०० कोटींचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते), यातलं एक जरी लागू असलं तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे, आणि शिक्षण हा यादीतला लाडका विषय. पण गणित-विज्ञानाच्या शिक्षणाला उद्योगांनी पैसा देणं त्याच्या सव्वाशे वर्षं आधी सुरू झालं होतं, आणि तेव्हा तो पैसा फार वेगळ्या रीतीने दिला जात असे.

सुरुवात गरजेतून झाली, हे मान्य करायला हरकत नाही. मुंबईच्या गिरण्या वाढल्या, पण कताई-विणाई खात्यांचे मास्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरहून आणावे लागत. इथली माणसं तयार व्हावीत म्हणून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं. दिनशा पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकांचा हात त्यामागे होता. (आज ते वीरमाता जिजाबाईंच्या नावाने आहे, आद्याक्षरं मात्र तीच.) लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथेच यंत्रांची ड्रॉइंग शिकवत. बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगावची वाट धरली. संस्थेने इंजिनिअर किती घडवले याचा हिशोब निघतो. तिने एक कारखानदार असा नकळत घडवला, तो कुठल्या रकान्यात मांडायचा?

जमशेटजी टाटा गरजेच्या पुढे गेले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू करणाऱ्या या माणसाने १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी फंड काढला. त्यातून मिळायचं ते कर्ज. फेडलं की पुढच्या विद्यार्थ्याला. मग १८९८ मध्ये त्यांनी मुंबईतल्या आपल्या इमारती आणि जमिनी एका विज्ञान संस्थेसाठी, म्हणजे आजच्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्ससाठी, देऊ केल्या. किंमत तेव्हाच्या भावाने सुमारे ३० लाख रुपये. त्यांचे सहकारी बरजोरजी पादशहा यांनी युरोपातली विद्यापीठं पाहून आराखडा केला होता. नवा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मुंबईच्या धक्क्यावर उतरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबर १८९८ ला, शिष्टमंडळाने तो त्याच्यापुढे ठेवला. कर्झनने विचारलं ते आजही कुणीही विचारील असंच होतं: एवढे विद्यार्थी मिळतील का, आणि शिकल्यावर त्यांना नोकऱ्या कोण देणार?

मग समित्या, अहवाल, पत्रव्यवहार. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे देशभर फिरून बंगळूरच्या बाजूने कौल देऊन गेले. म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली. जमशेटजी १९०४ मध्ये वारले. सरकारी मंजुरीची ऑर्डर निघाली २७ मे १९०९ ला, आणि पहिले विद्यार्थी आत आले १९११ मध्ये. म्हणजे देणाऱ्याने देऊ केल्यापासून तेरा वर्षं, त्यातली सात त्याच्या पश्चात. तरी काम थांबलं नाही. कारण दान एकरकमी चेकचं नव्हतं, स्थावराचं होतं. भाडं येत राहील आणि त्यावर संस्था चालेल, असा त्यामागचा हिशोब होता.

पुढची काही पानं भरभर उलटता येतात. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला, म्हणजे आजची माटुंग्याची आयसीटी. सुरुवातीचं लक्ष अर्थातच कापड-रसायनांवर. सांगलीत धोंडुमामा साठ्यांनी १९४७ मध्ये काढलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५ मध्ये वालचंद हिराचंदांच्या ट्रस्टचा पैसा मिळाला आणि नावही. मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. दोनेक दशकांनी अणुशक्तीपासून वीज निघू लागेल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, असा त्यातला मुद्दा. १९४५ मध्ये टीआयएफआर, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, उभी राहिली. इथे देणारी कंपनी नव्हती, ट्रस्ट होता. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर अशा ट्रस्टांकडेच आहेत, त्यामुळे लाभांश आपोआप तिकडे वळतो.

हा सगळा पैसा मात्र वरच्या मजल्यावर गेला. शाळेपर्यंत तो उतरला १९७४ मध्ये. टीआयएफआरने दोराबजी टाटा ट्रस्टच्याच मदतीने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. ते सुरू झालं नाना चौकातल्या एका म्युनिसिपल शाळेच्या इमारतीत. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी मुंबईतल्या पालिका शाळांत आणि जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरात काम करत होते. मुलं विज्ञानात मागे का पडतात याची कारणं शोधताना त्यांना भाषा सापडली. पाठ्यपुस्तकाचं मराठी सोपं करून दिलं, की मागे पडलेल्या मुलांची समज सुधारते, असं त्यांना दिसलं. साहजिकच आहे. ‘घनरूपाचे द्रवरूपात स्थित्यंतर होते’ हे वाचून अडखळणारं पोर घरी रोज वनस्पती तूप वितळताना पाहत असतं. प्रयोगशाळेपेक्षा हे औषध कितीतरी स्वस्त. पुढे विज्ञान ऑलिंपियाडचं कामही या केंद्राकडे आलं आणि केंद्राचं नाव झालं ते बहुतेक त्यामुळेच. मला स्वतःला हे भाषेचं काम मोठं वाटतं.

आता पुन्हा कायद्याकडे. दोन टक्क्यांनी पैसा वाढला आणि पसरला, हे खरंच. २०१९ मध्ये आयआयटी आणि सरकारी प्रयोगशाळांमधल्या संशोधनालाही त्यात जागा मिळाली. २०२१ च्या बदलांनी चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन वर्षं वापरता येऊ लागला, त्यामुळे मार्चएंडची धावपळ थोडी कमी व्हायला हवी. पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट ठरली. २२ जानेवारी २०२१ नंतर कुठल्याही संस्थेच्या कायम निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये, दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरली जात नाही. पैसा नुसता साठून राहू नये, ही त्यामागची सरकारी काळजी समजण्यासारखी आहे. फक्त, विज्ञान संस्था कायम चालावी म्हणून मुद्दल बाजूला काढून ठेवणं, जे जमशेटजींनी केलं, ते आज कंपनीने केलं तर दोन टक्क्यांत मोजलं जाणार नाही.

त्या शाळेत खोका आणणारा तरुण भला होता. पुस्तिका मराठीत पुढच्या वर्षी येईल, म्हणाला. पुढच्या वर्षी कंपनीने ‘पाणी’ हा विषय घेतला.