इसब उसळला की पहिल्याच दिवशी मलम लावा, वाट बघू नका

लहान मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्यामागे कातडी लाल, खरखरीत व्हायला लागते तेव्हा बहुतेक घरात एकच ठरतं, बघू दोन-चार दिवस, स्टेरॉईड नको उगाच. आणि त्या दोन-चार दिवसातच सगळं बिघडतं.

कारण खाजवल्याने कातडीचा वरचा थर आणखी फाटतो, त्यातून साबण, धूळ, जंतू आत जातात, सूज वाढते, सूज वाढली की अजून खाज, असं ते चक्र फिरत राहतं. हा थर काहींचा जन्मापासूनच कच्चा असतो, फिलाग्रीन नावाचं प्रोटीन कमी पडतं म्हणून, आणि त्यामागचा जीनमधला दोष २००६ मध्ये सापडला. म्हणजे "अंगातली उष्णता बाहेर पडतेय, दाबू नका, नाहीतर दमा होईल" हे प्लीज डोक्यातून काढा. इसब आणि दमा एकाच मुलाला होतात कारण दोन्हीचा कल मुळातच असतो, मलमाने काही आत जात नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉईडचं मलम पहिल्या लालीलाच लावलं तर थोडक्यात भागतं, उशीर केला की जास्त स्ट्राँग मलम, जास्त दिवस. किती लावायचं? मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढायची, साधारण अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्याच दोन तळहातांएवढ्या (बोटं धरून) जागेला पुरते. लोक भीतीने यापेक्षा फारच कमी लावतात आणि मग म्हणतात औषध लागू पडत नाही. कातडी नुसती बरी दिसली तरी आत सूज उरलेली असते, म्हणून सारखा उसळणाऱ्या जागी नंतरही आठवड्यातून दोन दिवस लावायला सांगतात. मॉइश्चरायझर मात्र रोज, कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ करून अंग ओलसर असतानाच, भरपूर.

पण मेडिकलवाल्याला विचारून तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब आणू नका हो! तो इसब नसून नायटा असेल तर स्टेरॉईडने खाज तेवढी थांबते, बुरशी मात्र पसरत जाते. डेटॉल, लिंबू, लसूण हे तर अजिबातच नको.

पिवळी खपली धरून पाणी सुटत असेल तर जंतू शिरलेत, डॉक्टरांना दाखवा. आणि एकसारखे दुखरे फोड भराभर उठले, सोबत ताप आला, तर तो हर्पीस नावाच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, त्यात सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.